पाट कुणाचा

पेण
३ मे १९९९

रितेश,

स्पर्धेची प्रमाणपत्रं आली. तुझं माझ्याकडे आहे. माझं अप्पांनी कारखान्याच्या दारातच लावलं, कॅलेंडर काढून त्याच खिळ्यावर. येणाऱ्याला ‘द्वितीय क्रमांक’ या शब्दांवर बोट ठेवून दाखवतात. गणपती बघायला आलेला माणूस आधी मला बघतो आणि मग गणपतीकडे वळतो.

मला मात्र एका जागी बसवत नाही. पनवेलहून आल्यापासून असंच आहे. दोन दिवस आपण एका टेबलाशी काढले, कॉम्प्युटरवर चालता प्रोग्रॅम करून दाखवला, आणि आता मी परत शाडू भिजवते आहे. हात भिजवतात आणि डोकं अजून त्या हॉलमध्येच. परीक्षकांना पाटाचं सांगताना मी अडखळत होते, तुला कळलं का? आमच्याकडे गिऱ्हाईक पावती घेत नाही, घरचा लाकडी पाट आणून ठेवतो, त्याच पाटावर त्याचा गणपती बसतो. एवढं सांगायला मला किती वेळ लागला. गेल्या वर्षी गुणाजीने पाटांवर लिहिलेले खडूचे आकडे दमटपणाने पुसले आणि खारपट्टीतल्या गिरजाबाईंच्या घरी उजव्या सोंडेचा गणपती गेला हेही सांगितलं. त्या कडक सोवळ्याला त्यांच्या घरात माणूस नाही. वर्षभर म्हातारी घाबरलेली आहे. म्हैस आटली तरी तेच कारण. हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही, ते मला बरं वाटलं.

मग मी तीन नावं टाकली आणि तिन्ही वेळा पाट, उंची, सोंड, रंग सगळं समोर आलं. तो जाड चष्म्याचा परीक्षक म्हणाला, “आता माझं नाव टाका बरं,” आणि नेमका तेव्हाच तुझा पाय वायरीत अडकला! स्क्रीन काळी. सगळा हॉल हसला. नशीब आपलं, दाखवायचं ते तोवर दाखवून झालं होतं.

क्लासच्या सरांना फळ्यावर लावायला परिच्छेद हवा आहे. ‘पहिल्या स्पर्धेतून आम्ही काय शिकलो.’ आतलं सगळं तू लिहिलंस, मी फक्त चित्र आणि भाषण. तेव्हा परिच्छेद तू लिही.

अप्पा म्हणतात, यंदा कारखान्यात हाच प्रोग्रॅम वापरू. आत्याला नमस्कार.

नमिता

*

रोहा
१४ मे १९९९

नमू,

धाटावला अप्रेंटिस म्हणून लागलो. कंपनीची बस चौकातून सुटते. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकली, दोन्ही वेळा कोलाडला जाणाऱ्या टेम्पोला हात केला. कामाचं अजून काही कळत नाही. पाइप मोजतो, मीटर वाचतो, सही करतो.

परिच्छेदाचं तूच बघ. मला असलं लिहिता येत नाही.

मामांना सांग, घाई नको. स्पर्धेचा प्रोग्रॅम वेगळा आणि कामाचा वेगळा. दोन दिवसांत केलेली वस्तू ती. बघायला बरी आहे. इतकी वर्षं गुणाजीचा खडू चाललाच ना? यंदाही चालू दे. पुढच्या वर्षी बघू.

आई बरी आहे. मामा कधी येतो विचारते.

रितेश

*

पेण
२२ जून १९९९

रितेश,

तू फार मागे मागे राहतोस. अप्पांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, “पोरगा माझ्या बहिणीचा, हौसाचाच. तीसुद्धा ताटातलं अर्धं झाकून म्हणायची, फार काही केलं नाही.”

आणि आता ऐक. कॉम्प्युटर आला. जुना आहे, पनवेलच्या एका ऑफिसातून घेतला, पण चालतो. पुढच्या खोलीत ठेवलाय. रंगाचा कॉम्प्रेसर सुरू झाला की स्क्रीन आक्रसते. वर पलंगपोस टाकते तरी संध्याकाळपर्यंत बटणांवर पांढरी धूळ. तुझी फ्लॉपी टाकली, आपलं गणपतीचं चित्र आलं, आणि अप्पांनी चपला बाहेर काढल्या. तेव्हापासून त्या खोलीत कुणी चपला घालत नाही.

अप्पांना इंग्रजी येत नाही, पण आत्याच्या नावाची अक्षरं त्यांनी पाठ केली आहेत. एका बोटाने टाकतात. कुणी आलं की, “थांबा, माझी बहीण दाखवतो, रोह्याची.” आत्याचं नाव, एक फुटाची मूर्ती, डावी सोंड, पिवळं पीतांबर. लोक मान हलवतात.

गुणाजीला हे आवडलेलं नाही. डोळे आखता आखता विचारतो, “नमू, तुझा डबा काय बोलतो गो आज? जेवला काय?” पण खडू त्याने खाली ठेवला. अप्पांनीच सांगितलं, यंदा पाटावर आकडा नको, पुसला की पुन्हा गोंधळ. सगळं डब्यात.

गिरजाबाई पाट घेऊन आल्या, डोक्यावर, एवढ्या लांबून. अप्पांनी त्यांचं नाव टाकायला लावलं. मी वाचून दाखवलं, सोंड डावी. म्हातारीने कॉम्प्युटरला हात जोडले. मला कसंतरी झालं.

परिच्छेद?

नमिता

*

रोहा
४ जुलै १९९९

नमू,

कशाला घेतला? मी घाई नको म्हटलं होतं.

गुणाजीला खडू परत दे. मामांना काहीही सांग. लाइट जाते म्हण, उंदीर वायर खातात म्हण. ती फ्लॉपी जुनी आहे, शेवटची नाही. शेवटची माझ्याकडे असावी. शोधतो. तोवर तिच्यावर विसंबू नकोस.

शिफ्ट बदलली आहे. दुपारी जातो. सकाळ रिकामी असते आणि रिकाम्या सकाळी मला घरात थांबवत नाही. कुंडलिकेच्या पुलापर्यंत जातो, परत येतो. आई म्हणते, “कुत्रं लागलंय काय रं मागं?”

रितेश

*

पेण
२७ जुलै १९९९

रितेश,

शेवटची फ्लॉपी सापडली का? मला आता ती लागेलच.

पाट यायला लागले. भिंतीशी उभे लावले आहेत, एकाला एक टेकून, वासाने खोली भरली आहे. जुनं लाकूड, तेल, हळद. मी रोज बसून नावं भरते. भरलं की शोधून बघते, आणि सापडत नाही. आपण हॉलमध्ये टाकली होती ती तीन नावं लगेच येतात. आत्या येते, गिरजाबाई येतात, गुणाजी येतो. बाकी कुणी येत नाही. मी भरलेली यादी उघडली तर त्यात सगळे आहेत. शोधलं की नाहीत.

आधी वाटलं धूळ असेल. मग वाटलं माझंच काही चुकतंय, तू आत काय केलंस ते मी कधी बघितलंच नाही. तू एका कोपऱ्यात लिहीत होतास आणि मी दुसऱ्या कोपऱ्यात गणपतीच्या कानाला रेघा जोडत होते. सगळी नावं पुसून पुन्हा भरली. तेच.

अप्पांना बोलले नाही. ते कुणी आलं की आत्याचं नाव टाकतात आणि ते येतं, त्यामुळे त्यांना सगळं बरोबर वाटतं. मीच रात्रंदिवस खोलीत आत-बाहेर करते. गुणाजी म्हणाला, “बस गो एका जागी, रंगावर धूळ उडते.”

नागपंचमीपर्यंत पाट घेतो, नंतर नाही, हे तुला माहीत आहे. शाडू वाळायला हवी. लवकर लिही.

नमिता

*

रोहा
८ ऑगस्ट १९९९

नमू,

फ्लॉपी घेऊन मीच येतो. सुटी मिळाली की. इथे एक माणूस आजारी आहे, त्याची शिफ्टही माझ्याच गळ्यात.

तुझं काही चुकलेलं नाही. स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

आई रोज ओरडते. “नागपंचमी आली, पाट अजून माळ्यावरच हाय. तुझा मामा काय वाट बघत बसंल? तुला जमत नाय तर मी जाते यस्टीनं.” मी म्हणतो, मीच नेणार. ती म्हणते, “तू नेणार म्हणून तो तितं पडलाय नाय का?” काढतो एकदाचा. आला की एकदम येतो, पाट आणि फ्लॉपी.

रितेश

*

पेण
१२ ऑगस्ट १९९९

रितेश,

तुझं पत्र आज दुपारी आलं. वाचून मी उठले आणि कॉम्प्युटर सुरू केला. आत्याचं नाव टाकलं. रोजचीच ओळ आली.

‘पाट आला. मूर्ती तयार.’

आत्याचा पाट तर तुझ्या घरी माळ्यावर आहे.

मग मी शेडमध्ये गेले. रोह्याचा गणपती फळीवर कुठेच नाही. गुणाजीला विचारलं. म्हणाला, “तुझा डबा तयार बोलतो ना? मग परत करायचा कशाला? मला वाटलं अप्पानं केला.” अप्पांना वाटत असणार गुणाजीने केला. गिरजाबाईंचा पाट भिंतीशी उभा आहे आणि त्यांचाही गणपती फळीवर नाही. त्यांचीही मूर्ती तयार म्हणून लिहून येते. ती म्हातारी अनवाणी आली होती, रितेश.

संध्याकाळी तुझं आतलं लिखाण उघडून पहिल्यांदा नीट वाचलं. मला सगळं कळत नाही, पण एवढं कळलं. तिथे शोधणं नाहीच. तीन ओळी आहेत. हे नाव आलं तर हे दाखव, ते नाव आलं तर ते दाखव. मी भरलेल्या यादीकडे तो प्रोग्रॅम कधी बघतच नाही. फ्लॉपी जुनी नाही. दुसरी फ्लॉपी नाहीच.

तुझा पाय वायरीत अडकला नव्हता.

मी त्या स्टेजवर उभी राहून बोलले. खोटं मी बोलले आणि मलाच माहीत नव्हतं.

गिरजाबाईंची मूर्ती आज करायला घेतली. अप्पांना सांगितलं, गुणाजीची चूक झाली. गुणाजी ऐकत होता. ब्रश धुवायला गेला.

नमिता

*

रोहा
१७ ऑगस्ट १९९९

नमिता,

खोटं म्हणू नकोस. मी फसवायला गेलो नव्हतो.

पहिला पूर्ण दिवस तू चित्रात घालवलास. सोंड वळत नाही, कान जुळत नाही. मी तुला दोनदा म्हटलं, चित्र राहू दे, आधी नाव तरी शोधू. तू म्हणालीस, पहिली स्क्रीन चांगली दिसली की निम्मं काम झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं शोधणं अडलं. एक नाव टाकलं की भलतंच यायचं. चार वाजता नंबर लागणार होता. मी इकडे तिकडे बघितलं. शेजारची मुलं रेल्वेचं आरक्षण करत होती, त्यांच्याकडे एकच गाडी होती आणि एकच सीट. पलीकडे हॉस्पिटलचा प्रोग्रॅम, त्यांचा पेशंट छापील कागदावरून वाचत होते. सगळे तेच करत होते. दाखवायला जेवढं लागतं तेवढं उभं करायचं. चौथऱ्यावर देखावा मांडतो तसं. मागे बांबू असतात हे सगळ्यांना माहीत असतं.

तुला सांगितलं नाही कारण तुला सांगितलं असतं तर तू बोलू शकली नसतीस. तुझा चेहराच सांगतो.

मामा कॉम्प्युटर घेतील हे मला कसं कळणार होतं?

मी थांबा म्हणत होतो. प्रत्येक पत्रात म्हणत होतो.

रितेश

*

पेण
२१ ऑगस्ट १९९९

रितेश,

चित्राचं खरं आहे. मी एक दिवस त्यात घालवला. तू दोनदा नाही, तीनदा बोलला होतास.

पण देखाव्याच्या मागे बांबू असतात हे बघणाऱ्यालाही माहीत असतं. अप्पांना माहीत नव्हतं. मला नव्हतं. तुला एकट्याला होतं. आणि थांबा म्हणताना का थांबायचं ते तू एकदाही लिहिलं नाहीस. मला वाटलं, तू लाजतोस. उंदरांचं आणि वायरीचं लिहिलंस. मी तेही अप्पांना सांगितलं आणि त्यांनी उंदराचा पिंजरा आणला. तो अजून टेबलाखाली आहे. खोबऱ्याचा तुकडा वाळून दगड झाला.

नागपंचमी झाली. आत्याचा पाट आला नाही. अप्पांना ते माहीत नाही, त्यांना डबा रोज सांगतो की आला आहे. काल नागोठण्याचे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर पुन्हा टाकलं. “बघा, माझ्या बहिणीचं सगळ्यात आधी तयार.” मी आत निघून गेले.

पाट भिंतीशी वाढत चालले आहेत आणि एकावरही आकडा नाही. कुठला कुणाचा ते मी आणि गुणाजी आठवून सांगतो. मधेच भांडतो. ज्या दिवशी लोक न्यायला येतील त्या दिवशी आम्ही काय करणार आहोत, मला माहीत नाही. मी त्या पाटांपुढून फिरत राहते.

तू यावंस असं मी म्हणणार नाही. शोधणं तेवढं लिहून दे. खरं.

नमिता

*

रोहा
२८ ऑगस्ट १९९९

नमू,

सोबत सहा कागद आहेत. कॉम्प्युटर माझ्याकडे नाही, त्यामुळे सगळं हाताने लिहिलं, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. चहा सांडला आहे तिथे अक्षर नीट बघ. जसं आहे तसं टाक. चालेल असं वाटतं. चालेलच असं आता मी म्हणत नाही.

हे लिहायला पनवेलला दोन तास मिळाले असते तर, असं रोज वाटायचं. खरं म्हणजे ते तिथेही झालं असतं. अडलं होतं ते एका जागी अडलं होतं. मी तुला हाक मारली असती तर दोघांनी मिळून सापडलं असतं. मला वाटलं, आतलं काम माझं, मीच उरकायचं.

परवा आमच्याकडे एका टाकीचा मीटर बदलला. काटा किती दिवस अडकलेला होता कुणाला ठाऊक. मी रोज वाचत होतो आणि रोज तोच आकडा लिहून सही करत होतो. सगळ्यांना बरं वाटायचं, काटा हिरव्यात आहे. फोरमन म्हणाला, “काय रे, रोज तोच आकडा बघून तुला काय वाटलं नाय?” काही झालं नाही, टाकी अर्धीच होती. पण मला दिवसभर जेवण गेलं नाही. त्याला वाटलं त्याच्या ओरडण्याने.

रितेश

*

पेण
१ सप्टेंबर १९९९

रितेश,

कागद आले. टाकले. पहिल्यांदा चाललं नाही, चहाच्या डागाखाली एक आकडा होता तो मी चुकीचा वाचला होता. मग चाललं. मी एक नाव टाकलं जे यादीत नाही, आणि त्याने ‘सापडले नाही’ म्हटलं. इतके महिने त्या डब्यासमोर बसले, पण हे उत्तर पहिल्यांदा मिळालं. मी पुन्हा पुन्हा खोटी नावं टाकत बसले.

मग खरी टाकली. आणि तिथे आपण दोघंही मूर्ख निघालो. म्हात्रे टाकलं तर निम्मी खारपट्टी आली. बरं, पूर्ण नाव टाकावं, तर काल एक मुलगा आला, नाव सांगितलं, यादीत नाही. पाट त्याच्या आजोबांच्या नावाने आहे. आजोबांना जाऊन दहा वर्षं झाली. त्या घराचा गणपती अजून त्यांच्याच नावाने येतो. अप्पा कधी कुणाला तुमचं नाव काय विचारतात का? ते विचारतात, “पाट कुणाचा?” आपण दोघं ह्या दारात लहानाचे मोठे झालो, रोज हेच ऐकलं, आणि पनवेलला जाऊन पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘ग्राहकाचे नाव’. कारण कॉम्प्युटरात तसंच असतं असं वाटलं.

तेव्हा मी तुझं थोडं बदललं. प्रत्येक पाटाला एक आकडा दिला आणि तो गुणाजीने ऑइलपेंटने पाटाच्या खाली लिहिला. खडूने नाही. आता पाट उलटा करायचा, आकडा टाकायचा. गुणाजी म्हणतो, “म्हणजे शेवटी लिवायचं मलाच. मग डबा कशाला गो?” मी म्हटलं, तू विसरतोस म्हणून. म्हणाला, “डबा खोटं बोलतो, मी विसरतो. जोडी चांगली हाय.” त्याला कळलंय सगळं.

तुझ्या तीन ओळी अजून आत आहेत. त्या मी काढल्या की अप्पा आत्याचं नाव टाकतील आणि काही येणार नाही. तेव्हा त्यांना सांगावं लागेल. इतके दिवस मी काढल्या नाहीत त्या ह्यासाठीच. म्हणजे तू जे हॉलमध्ये केलंस ते मी इथे रोज करत होते.

रविवारी माझी अलिबागला परीक्षा आहे. सकाळच्या एस्टीने जाणार, संध्याकाळी येणार. निघायच्या आधी त्या ओळी काढणार आहे. मग जे होईल ते.

आत्याला गणपती नाही, हे तरी कुणीतरी अप्पांना सांगायला हवं.

नमिता

*

रोहा
६ सप्टेंबर १९९९

नमू,

तू नव्हतीस म्हणून लिहितो.

काल सकाळी पाट माळ्यावरून काढला. आईने तो पुसला, एका पिशवीत घातला, आणि विचारलं, “आता नेतोस? आता मामा तुला दारात उभा करंल काय?” मी पिशवी उचलून निघालो. एस्टीत उभाच होतो. वडखळपर्यंत बसायला जागा मिळाली होती, तरी बसलो नाही.

मामा पुढच्याच खोलीत होते, कॉम्प्युटरसमोर. दोन माणसं बसली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना लहानपणापासून माहीत आहे, तरी सवयीने म्हणाले,

“पाट कुणाचा?”

मी आजोबांचं नाव घेतलं, “हैबतराव धुमाळांचा. रोह्याचा.”

“तो तर आलाय.” आणि हसून त्यांनी त्या माणसांना सांगितलं, “भाचा माझा. दुसरा पाट घेऊन आला बघा. थांब, दाखवतो तुला.” एका बोटाने आईचं नाव टाकलं. मी मागे उभा होतो. अक्षरं शोधताना त्यांचं ते एक बोट हवेत फिरतं. तू लिहिलं होतंस, मी पहिल्यांदा बघितलं.

‘सापडले नाही.’

त्यांना ते इंग्रजी वाचता आलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की नेहमीचं आलं नाही. पुन्हा टाकलं. मग म्हणाले, “बिघडला वाटतं. काल तर बरोबर सांगत होता. नमू पण नाय घरात.”

मी म्हटलं, “मामा, काल खोटं सांगत होता. आज बरोबर सांगतोय. पाट आलाच नव्हता.”

ती दोन माणसं उठून गणपती बघायला आत गेली. मी सगळं सांगितलं. पनवेलचं, वायरीचं, पत्रांचं. मामा ऐकत असताना बटणांवरची धूळ बोटाने पुसत होते. मधे एकदाच बोलले.

“नमूला माहीत होतं?”

“तिथे नव्हतं. नंतर कळलं.”

“आणि बाकीचे पाट? ते तरी खरे?”

मी म्हटलं, खरे. नमूने भरलेत, आकडे गुणाजीने लिहिलेत. ते उठले, भिंतीकडचा एक पाट उलटा केला, आकडा मला वाचायला लावला आणि म्हणाले, टाक. मी टाकला. नाव आलं, गाव आलं. दुसरा पाट. तिसरा. मग ते पाट काढत गेले आणि मी टाकत गेलो. किती काढले ठाऊक नाही. एकही चुकला नाही. शेवटी गिरजाबाईंचा काढला. सोंड डावी. त्यांनी आत जाऊन मूर्ती बघितली, आले, आणि पाट जागेवर लावला.

मग माझ्या हातातली पिशवी घेतली. पाट बाहेर काढला. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, “उंची?”

मी म्हटलं, “नेहमीची.”

“नवा शाडूचा आता वाळणार नाय.” गुणाजीला हाक मारली. गुणाजीने मागून एक कच्ची मूर्ती आणली, सोंडेचं टोक राहिलेलं. बोटाने दाबून बघितली. “वली हाय. वरनं बल्ब लावावा लागंल, चार दिस तरी. पण प्लग कुठाय? कॉम्प्रेसरचा काढला तर बाकीचे राहतील.”

मामांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. “ह्याचा काढ.”

प्लग मीच काढला. ह्या वेळी हाताने.

रितेश

*

पेण
९ सप्टेंबर १९९९

रितेश,

मी आले तेव्हा पुढच्या खोलीत अंधार नव्हता, उलट नेहमीपेक्षा उजेड. कॉम्प्युटरवर पलंगपोस घातलेला आणि त्याच्या शेजारी आत्याचा गणपती, डोक्यावर मोठा बल्ब. मला आधी काही समजलं नाही. मग टेबलाखाली बघितलं. उंदराचा पिंजराही गेला होता.

अप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “गुणाजीवर ढकललंस ते बरं केलं नाहीस.” एवढंच. मी उठून गुणाजीकडे गेले. तो पीतांबर रंगवत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “जा गो, उजेडात उभी राहू नको.”

प्रमाणपत्र दारातून काढलेलं नाही. मी विचारलं काढू का. अप्पा म्हणाले, “खिळ्यावर काय लावू मग?”

सोमवारी पहाटेपासून लोक येतील. कॉम्प्युटरला प्लग परत मिळाला तर बरं, नाही तर मी आकड्यांची यादी आधीच कागदावर उतरवून ठेवली आहे. काल सगळे पाट पुन्हा उलटून बघितले. तू मूर्ती न्यायला येशील तेव्हा आपण ह्यावर बोलायचं नाही. मला अप्पांसमोर रडायचं नाही.

नमिता

*

रोहा
२० सप्टेंबर १९९९

नमू,

बोललो नाही ते बरं झालं. गणपती मांडीवर घेऊन बसलो होतो, कंडक्टरने तिकिटाचे पैसेही मी उतरताना घेतले. रंग कोपराला लागत होता. घरी आल्यावर आईने डाव्या बाजूचं पीतांबर बघितलं आणि विचारलं, “हे काय, पुसल्यावानी?” मी शर्ट दाखवला. तिने मखर फिरवलं, ती बाजू भिंतीकडे केली, आणि आरतीला आलेल्या कुणालाही तिकडे जाऊ दिलं नाही.

तिला सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “म्हणजे तितं आपला गणपती नव्हताच, आणि दादा लोकांना सांगत होता हाय?” मग बराच वेळ दूर्वा निवडत बसली. तिला वाईट कशाचं वाटलं ते मला नीट कळलं नाही. तुझ्याकडचं तू लिही. सोमवारी किती गोंधळ झाला? कुणी रिकाम्या हाताने गेलं का? गिरजाबाई?

सरांसाठी परिच्छेद लिहिला आहे. उशीर झाला, तरी दे.

‘आम्हाला दोन दिवसांत प्रोग्रॅम करायचा होता. एक दिवस चित्रात गेला. दुसऱ्या दिवशी मी एकट्याने काम केलं आणि अडल्यावर सोबतिणीला सांगितलं नाही. शोधण्याचं काम झालं नव्हतं, ते झालं असं दाखवलं आणि आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. झालं नाही असं सांगितलं असतं तर फक्त क्रमांक गेला असता. पुढच्या वेळी भाग घेणाऱ्यांनी प्रोग्रॅम सुरू केल्याबरोबर आधी एक असं नाव टाकावं जे त्यात नाही.’

सर लावणार नाहीत. तरी दे.

गौरीबरोबर विसर्जन झालं. कुंडलिकेला पाणी चांगलं होतं. पाटावर चिमूटभर वाळू घेऊन घरी आलो, आईने ओवाळून पाट आत घेतला आणि धुवायला बसली. धुताना उलटा केला तर खाली ऑइलपेंटचा आकडा. तिने नखाने खरवडून बघितलं, मग काथ्या घेतला.

“ह्यो कुणी लिवला रं देवाच्या पाटावर?”

मला वाटलं गुणाजीने. पण गुणाजीचे आकडे मी त्या दिवशी भिंतीशी एवढे वाचले होते, त्याचं वळण मला माहीत होतं. हे थरथरलेलं होतं, एका बोटाने लिहिल्यासारखं.

“मामांनी,” मी म्हटलं.

तिने काथ्या खाली ठेवला.

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाली, आणि पाट माळ्यावर न टाकता दाराशी उभा करून ठेवला.

रितेश